उचल फिटली, मग काम कशासाठी?





तारण फुकट आहे असे आपण शिकवतो. देवाच्या आज्ञा पाळा, असेही आपणच शिकवतो. ही दोन्ही वाक्ये एकाच रविवारी ऐकणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो : फुकट आहे तर पाळायचे कशासाठी? आणि पाळायचेच आहे तर फुकट कसले? पळसदरीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये पवित्र शास्त्राच्या अभ्यासाला बसले की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. शहरातल्या मंडळ्यांमधून या कामाला हातभार लावणारे तुम्हीही तो विचारता, फक्त वेगळ्या शब्दांत. म्हणून या अंकात त्यावरच लिहिते आहे.

शेठची वही

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील आपल्या वाड्या मुख्यतः कातकरी आणि ठाकर समाजाच्या. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव. तो धंदा आता उरलेला नाही. पावसाळा संपला, भाताची कापणी उरकली की पुष्कळ कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. जाण्याआधी शेठ किंवा मुकादम हातावर रक्कम ठेवतो. तिला उचल म्हणतात. पावसाळ्यातले आजारपण, घराचे छप्पर, एखादे लग्न यांत ती संपून जाते. मग भट्टीवर नवराबायकोने मिळून विटा थापायच्या. आठवड्याला खर्ची मिळते, ती पोटापुरती. पुन्हा पावसाच्या तोंडावर हिशोब होतो : इतक्या हजार विटा, त्याचे इतके पैसे, त्यातून खर्ची वजा, त्यातून उचल वजा. वही शेठकडे असते. पुष्कळदा अंगावर बाकी निघते आणि ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या वाड्यांतल्या माणसाला ‘देणे’ या शब्दाचा अर्थ या वहीने शिकवला आहे. देवाने आपला पुत्र तुमच्यासाठी दिला असे सांगितले की तो मनात म्हणतो, म्हणजे मोठी उचल झाली. आता ती किती हंगाम फेडायची? एका वयस्कर कातकरी भावाने तर मला उघडच विचारले, “ताई, शेठ फुकट काय देत नाय. देव देतो?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रभूने माझ्यासाठी एवढे केले, आता मी त्याच्यासाठी काही करून उतराई व्हायला हवे, असे आपण साक्षीत किती सहज बोलतो. त्यामागचे प्रेम खरे असते. पण शब्द वहीचे असतात. आणि वहीचे शब्द मनात घर करून बसले की दोन गोष्टी होतात. ज्याला आपण पुष्कळ फेडले असे वाटते तो गर्विष्ठ होतो. ज्याला फेडता येत नाही तो देवाला तोंड चुकवू लागतो. शेठची बाकी ज्याच्या अंगावर आहे तो त्याला बाजारात पाहून वाट बदलतो, तसेच.

कर्ज माफ, आणि परतफेड घेणे हा गुन्हा

आपल्या देशात १९७६ चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा आहे. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. पण उचलीपायी माणसाचे काम सोडून दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गेले, मिळायला हवी ती मजुरीही मिळेनाशी झाली, तर तो वेठबिगार ठरू शकतो. या कायद्याने अशा मजुराला मुक्त केले आणि त्याच्यावरचे ते कर्जही रद्द केले. कर्ज कमी केले नाही, हप्ते बांधून दिले नाहीत, नाहीसेच केले. त्याहून पुढची गोष्ट अशी की, रद्द झालेल्या त्या कर्जापोटी धनकोने परतफेड स्वीकारली तर तो गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा आहे. मजूर भोळेपणाने पैसे परत द्यायला गेला, तरी धनकोने ते घ्यायचे नाहीत. कारण ते घेतले, तर कर्ज अजून जिवंत आहे असे होईल.

कृपेचे पहिले लक्षण नेमके हेच आहे. पौल कलस्सैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात (ओवी १४) सांगतो की, आपल्याविरुद्धचा ऋणलेख देवाने खोडून टाकला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. जो लेख खोडला त्याच्यावर जमा कशी करायची? उपवास, दशांश, उपासनेची हजेरी, वाडीवस्तीवरची सेवा यांतले काहीही त्या खात्यात जमा होत नाही, कारण ते खातेच उरलेले नाही.

उपमेला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. भट्टीवरची बाकी पुष्कळदा अन्यायाने चढलेली असते. देवासमोरचे आपले देणे मात्र खरे होते. पाप आपले होते. आणि कायदा कर्ज रद्द करतो तेव्हा धनको ते नाइलाजाने सोडतो. वधस्तंभावर ज्याचे येणे होते त्यानेच नुकसान सोसले. म्हणून कृपा फुकट असली तरी स्वस्त नाही. आपल्याला किंमत पडली नाही, देवाला पडली.

आधी सुटका, मग आज्ञा

मग आज्ञांचे काय? याचे उत्तर पवित्र शास्त्रात आहे, आणि गंमत अशी की तिथेही विटाच आहेत. निर्गमच्या ५ व्या अध्यायात फारो इस्राएल लोकांना वीटकामासाठी लागणारा पेंढा द्यायचा बंद करतो, पण विटांची संख्या मात्र तितकीच मागतो. हा अध्याय वाड्यांत वाचला की समजावून सांगावा लागत नाही. ऐकणाऱ्या बायका एकमेकींकडे बघतात.

आता क्रम पाहा. देव मोशेला जळत्या झुडपात भेटला तेव्हा त्याने दहा आज्ञा देऊन पाठवले नाही. आधी या पाळून दाखवा, मग सोडवतो, असे म्हटले नाही. १२ ते १४ या अध्यायांत सुटका होते, समुद्र मागे पडतो. सीनाय पर्वत त्यानंतर येतो आणि आज्ञा २० व्या अध्यायात. त्यांची सुरुवातही हुकमाने होत नाही. मी तुम्हाला दास्यातून बाहेर काढणारा तुमचा देव आहे, या आठवणीने होते (२:२ असे शोधू नका, ओवी २०:२ पाहा). सुटलेल्या लोकांना आज्ञा मिळाल्या. आज्ञा पाळून लोक सुटले नाहीत.

आणि त्या आज्ञांत एक कोणती? आठवड्याचा एक दिवस काम करू नका. तुमच्या चाकरांनाही करू देऊ नका. अनुवादच्या ५ व्या अध्यायात (ओवी १५) तिचे कारण दिले आहे : तुम्हीही मिसर देशात दास होता, हे आठवा. फारोच्या राज्यात सुट्टी नव्हती. देवाच्या राज्यात ती आज्ञा आहे. म्हणजे देवाची आज्ञा पाळणे ही सुटकेची किंमत नव्हे, सुटलेल्या माणसाची जगण्याची रीत आहे. फारोच्या भट्टीवरच्या सवयी अंगातून जाव्यात म्हणून ती शिकायची.

इफिसकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायातील ८ ते १० या तीन ओव्या आपल्याला पाठ आहेत, पण पुष्कळदा आपण ९ व्या ओवीवर थांबतो. पौल सांगतो की तारण आपल्या कृत्यांमुळे झालेले नाही, ते देवाचे दान आहे. आणि लगेच पुढच्या ओवीत सांगतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. मराठीत हा फरक दोन शब्दांत मावतो : ‘मुळे’ आणि ‘साठी’. सत्कृत्यांमुळे तारण नाही. सत्कृत्यांसाठी तारण आहे. या दोन शब्दांची अदलाबदल केली की सुवार्तेची उचल होते.

बँकर इंजिनाची चुकीची उपमा

पळसदरीत राहणाऱ्याला एक उपमा सहज सुचते, म्हणून तिच्याविषयी सावध करते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने लागतात, कारण भोर घाट पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही. पळसदरीवरून गाडी जाते तेव्हा पुढचे इंजिन ओढत असते आणि मागची ढकलत असतात. तारणही असेच असेल, असे वाटते : आपण आज्ञा पाळून ओढायचे, उरलेले देवाने कृपेने ढकलायचे. निम्मे आपले, निम्मे त्याचे.

ऐकायला बरी, पण ही उपमा सुवार्तेची नाही. इफिसकरांस पत्राचा तोच अध्याय म्हणतो की, आपण पापांमुळे मेलेले होतो. मेलेला माणूस कमी ताकदीचे इंजिन नसतो. त्याला मागून ढकलून भागत नाही. त्याला जिवंत करावे लागते.

मग आपण काहीच करायचे नाही काय? फिलिप्पैकरांस पत्राच्या २ ऱ्या अध्यायात (ओव्या १२ व १३) पौल विश्वासणाऱ्यांना आपले तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतो, आणि कारण देतो की आपल्यात इच्छा करणे आणि कृती करणे हे दोन्ही साधून देणारा देव आहे. देव करतो म्हणून तुम्ही स्वस्थ बसा, असे तो म्हणत नाही. तुम्ही करा म्हणजे देव करील, असेही म्हणत नाही. देव तुमच्यात करतो आहे, म्हणून तुम्ही करा, असे म्हणतो. इथे वाटणी नाही. आज्ञापालन पूर्णपणे आपले आहे आणि पूर्णपणे त्याच्या कृपेचे आहे. श्वास मीच घेते. पण जीव मी आणलेला नाही.

याकोबाने कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे लिहिले, तेही याच अर्थाने. तो आणि पौल दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणले गेले, हे उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात. इसहाकाला अर्पण करायला तो निघाला, हे २२ व्या अध्यायात, कित्येक वर्षांनंतर. पौल १५ व्या अध्यायाकडे बोट दाखवून विचारतो, माणूस नीतिमान कशाने ठरला? याकोब २२ व्या अध्यायाकडे बोट दाखवून विचारतो, तो विश्वास जिवंत होता हे कशावरून? प्रश्न दोन आहेत. म्हणून उत्तरांत भांडण नाही.

या प्रश्नावरून मंडळ्या मात्र भांडल्या. सोळाव्या शतकात युरोपातील मंडळी दुभंगली तिच्या मुळाशी हाच वाद होता. तरीही ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथरन मंडळ्यांच्या जागतिक संघाने आणि रोमन कॅथोलिक मंडळीने या शिकवणीवरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला केवळ कृपेने स्वीकारतो, आपल्या कोणत्याही गुणामुळे नाही, आणि पवित्र आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, हे दोघांनी एकत्र मान्य केले. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असे नव्हे. पण पाया एक आहे, हे आपल्या वाचकांना माहीत असावे, कारण आपल्याला मदत करणाऱ्यांत या सर्व मंडळ्यांचे लोक आहेत.

पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न जिने आयुष्याने सोडवला ती पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. विद्वत्ता, त्याग, सेवा, कशातच उणे नव्हते. बाहेरून पाहणाऱ्याला आज्ञाधारक ख्रिस्ती जीवन याहून वेगळे कसे असते, असे वाटले असते.

पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, इतके असूनही मनाला शांती नव्हती. त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक होऊन कितीतरी काळ लोटल्यावर त्याला स्वतःला तारणाचा अनुभव आला होता. ते वाचून रमाबाईंना आपली उणीव कळली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपण काही करून नव्हे तर आहोत तसे ख्रिस्ताकडे यायचे, हे त्यांनी स्वीकारले.

आता पुढचे पाहा. कृपा समजल्यावर त्यांचे काम थांबले काय? १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले आणि अखेरच्या दिवसांपर्यंत त्यावर काम केले. १८९१ नंतरचे काम आधीपेक्षा किती तरी पटींनी मोठे आहे. फरक इतकाच की, शांती मिळावी म्हणून ते केलेले नव्हते. मिळालेल्या शांतीतून ते निघाले.

केडगावला आलेल्या त्या मुलींचाही विचार करा. दुष्काळात सापडलेल्या मुलीने सुटकेसाठी काय केले? काहीच नाही. तिला आणले गेले, जेवू घातले गेले, निवारा दिला गेला. मग ती लिहायला-वाचायला, शेती, विणकाम, छपाई शिकली. काम शिकली म्हणून आणली गेली नाही. आणली गेली म्हणून काम शिकली.

आपल्या कामात याचा अर्थ

ही शिकवण फक्त अभ्यासवर्गात राहिली तर उपयोग नाही. आपल्या कामात तीन ठिकाणी तिची कसोटी लागते.

पहिले ठिकाण मदतीचे. पावसाळ्यात आपण धान्य देतो, मुलांना वह्या-पुस्तके देतो, जातीच्या दाखल्यासाठी आणि वनहक्काच्या दाव्यासाठी कचेरीत बरोबर जातो. घेणारा प्रार्थनेला येतो की नाही, याची नोंद आपण ठेवत नाही आणि ठेवू नये. कोणी सुचवतात की, निदान येणाऱ्यांना आधी द्यावे. ज्या क्षणी आपण तसे करू, त्या क्षणी आपल्या हातात शेठची वही येईल. धान्याची पिशवी उचल होईल आणि रविवारची हजेरी ही तिची फेड. मग कृपेवर कितीही सुंदर उपदेश केला तरी त्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला आपल्या पिशवीतून मिळालेले असेल : देवही फुकट देत नाही.

दुसरे ठिकाण पडलेल्यांचे. विश्वासात आलेला एखादा भाऊ हंगामात पुन्हा दारूकडे वळतो. वाडीत परततो तेव्हा उपासनेला येत नाही. विचारले तर म्हणतो, तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्याच्या मनात बाकी चढली आहे. अशा माणसाकडे जाऊन ‘आधी सुधार, मग ये’ असे म्हटले तर तो कधीच येणार नाही. ‘चालते, देव क्षमा करतोच’ असे म्हटले तर त्याची बायको आणि लेकरे आपल्या कृपेची किंमत मोजतील. रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात पौल हा दुसरा मार्ग साफ नाकारतो : कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय? कधीच नाही. मोकळा झालेला मजूर पुन्हा त्याच मुकादमाकडून उचल घेतो, तेव्हा आपण त्याला काय सांगतो? तू मोकळा आहेस, तिकडे जाऊ नकोस. हेच त्या भावाला सांगायचे. तू देवाचा आहेस, म्हणून ये. आणि तू देवाचा आहेस, म्हणून ती बाटली सोड. वाक्य एकच आहे. त्याची दोन टोके आपण तोडू नयेत. बाटली सोडायला त्याला सोबत लागेल, महिनोन्‌महिने लागेल. तीताला पत्राच्या २ ऱ्या अध्यायात (ओव्या ११ व १२) म्हटले आहे की, तारण देणारी कृपाच आपल्याला अभक्ती सोडायला शिकवते. शिकवणारा वर्षभर बरोबर बसतो, तशी ती बसते.

तिसरे ठिकाण तुमचे आणि माझे. तुम्ही देणगी पाठवता, मी वाड्यांवर चालते. यातले काहीही आपल्याला देवाच्या अधिक जवळचे करत नाही. लूकच्या १७ व्या अध्यायात (ओवी १०) प्रभू शिकवतो की, सांगितलेले सर्व करून झाल्यावर दासाने म्हणावे, मी केवळ माझे कर्तव्य केले. हे ऐकून कोणाचा उत्साह कमी होऊ नये. उलट, ओझे उतरावे. तुमच्या देणगीवर तुमचे तारण अवलंबून नाही, म्हणून ती तुम्ही मोकळ्या हाताने देऊ शकता, आणि नाव छापून न येताही देऊ शकता. माझ्या चालण्यावर माझे तारण अवलंबून नाही, म्हणून वाडीत कोणी दार लावून घेतले तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ शकते.

भट्टीवर न जाता आपल्या वनहक्काच्या तुकड्यावर नाचणी-वरी लावणारी काही कुटुंबे आता आपल्या भागात आहेत. त्यांना कमी राबावे लागते असे नाही. पहाटे उठणे तेच, घाम तोच, हात तेच. पण संध्याकाळी कोणी वही उघडत नाही. ते आपल्या जमिनीवर, आपल्या घरच्यांसाठी राबतात. आज्ञापालन म्हणजे असे राबणे. त्या वयस्कर भावाला मी हेच उत्तर दिले : देव फुकट देतो, आणि देऊन झाल्यावर कामाला लावतो, पण बाकी फेडायला नव्हे, मुलगा म्हणून घरच्या शेतात.

येत्या हंगामात जी कुटुंबे भट्ट्यांवर जाणार आहेत त्यांच्यासाठी, त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आणि शाळा सुटणाऱ्या मुलांसाठी प्रार्थना करा. जे लाजेने मंडळीपासून दूर राहिले आहेत त्यांनी वहीच्या भीतीवाचून परत यावे म्हणूनही प्रार्थना करा. तुमच्या मंडळीतही असा कोणी असेल. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.

प्रभूची कृपा तुम्हा सर्वांबरोबर असो.